नोंदीचे कुलूप आणि पक्का व्यवहार

नागपूरहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर सौंसरच्या पुढे रामाकोना लागते. संत्री आणि कापूस पिकविणाऱ्या, घरात मराठी बोलणाऱ्या या मुलखाची १९५६ साली विदर्भापासून ताटातूट झाली. १ नोव्हेंबरला विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. पुढे २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर हे भाग छिंदवाड्यातून वेगळे काढून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा करण्यात आला. या मार्गावर २०१५ पर्यंत जी 'छोटी लाईन' चालत असे तिचे रूळ अडीच फूट रुंदीचे होते आणि मार्ग एकेरी होता. ती गाडी आता गेली, रूळ रुंद झाले. परंतु एकेरी मार्गाने रेल्वेपुढे जो प्रश्न उभा केला होता तोच आज संगणकापुढे, आणि म्हणून रामाकोन्याच्या शेतकऱ्याच्या बँकेतील खात्यापुढे उभा आहे. तो समजावून घेण्यास रुळांइतके सोपे साधन आम्हांला दुसरे आढळले नाही.

प्रश्न असा. दोन स्थानकांच्या दरम्यान रुळांची एकच जोडी आहे. दोन्हीकडच्या स्टेशनमास्तरांना आपापली गाडी सोडावयाची आहे. दोघांनी डोकावून पाहिले तर दोघांनाही मार्ग मोकळाच दिसतो. दोघांचेही पाहणे खरे आहे. तरीही त्या पाहण्यावर विसंबून दोघांनी गाड्या सोडल्या तर अनर्थ ठरलेला. पाहणे आणि सोडणे या दोन क्रियांच्या मध्ये जो क्षण जातो त्या क्षणात दुसऱ्याने काय केले हे पहिल्यास ठाऊक नसते. सगळी मेख तेथे आहे.

१० सप्टेंबर १८७४ रोजी इंग्लंडात नॉर्विचजवळ थॉर्प येथे दोन गाड्या एकेरी मार्गावर समोरासमोर आदळल्या आणि २५ माणसे प्राणास मुकली. त्या अपघाताचा तपशील आमच्या विषयाच्या दृष्टीने फार बोलका आहे. नॉर्विचच्या अधिकाऱ्याने पुढील स्थानकावरून टपालगाडी पाठवावी अशा आशयाची तार तोंडी सांगितली, परंतु तीवर सही केली नाही. सहीवाचून तार पाठवावयाची नाही असा नियम होता. तारबाबूने ती तशीच पाठविली. इकडे नॉर्विचहून दुसरी गाडी सुटली. चूक ध्यानात येऊन तार रद्द करण्याची धावपळ झाली, तो उत्तर आले की टपालगाडी निघून गेली आहे. एक कच्चा निरोप पक्का समजून वापरला गेला. संगणकाच्या शास्त्रात या दोषाला पुढे शंभर वर्षांनी नाव मिळाले; त्याकडे आम्ही ओघाने येऊच.

या अपघातानंतर चार वर्षांनी, १८७८ साली, एडवर्ड टायर याने एकेरी मार्गासाठी एक विद्युत्-यंत्र सिद्ध केले. दोन स्थानकांतील दोन यंत्रे तारेने जोडलेली असत. त्या दोहोंतून मिळून एका वेळी एकच चकती बाहेर निघे, आणि ती चकती हाती असल्यावाचून ड्रायव्हरने गाडी पुढे न्यावयाची नाही असा दंडक असे. आपल्याकडील एकेरी मार्गांवर चकतीच्या जागी नीलच्या यंत्रातील गोळा पुष्कळ वर्षे चालला. वेताच्या मोठ्या कड्याला लावलेल्या चामडी पिशवीतून तो गोळा चालत्या गाडीच्या ड्रायव्हरला देताना ज्यांनी पाहिला आहे असे वाचक अजून पुष्कळ असतील. तो गोळा पुढच्या स्थानकाच्या यंत्रात पडेपर्यंत दुसरा गोळा निघत नाही. मार्ग मोकळा दिसतो की नाही हा प्रश्नच मग उरत नाही. गोळा ज्याच्या हाती त्याचा मार्ग.

आता रुळांवरून खात्याकडे येऊ. समजा, रामाकोन्याच्या एका बागायतदाराच्या खात्यात १८,००० रुपये आहेत. नागपूरच्या कळमना बाजारात त्याची संत्री विकली गेली आणि आडत्याने ४२,००० रुपये त्याच्या खात्यात भरले. नेमक्या त्याच वेळी त्याची पत्नी सौंसरला फवारणीच्या औषधासाठी त्याच खात्यातून ६,००० रुपये काढीत आहे. अशा प्रत्येक वेळी संगणकाची आज्ञावली तीन कामे करते: शिल्लक वाचते, बेरीज किंवा वजाबाकी करते आणि नवी शिल्लक लिहिते. नागपूरकडील आज्ञावलीने १८,००० वाचले. तिने नवी शिल्लक लिहिण्यापूर्वीच सौंसरकडील आज्ञावलीनेही १८,००० वाचले. पहिलीने ४२,००० मिळवून ६०,००० लिहिले. दुसरीच्या हाती मात्र अजून मघाचेच १८,००० आहेत. तिने त्यांतून ६,००० वजा केले आणि ६०,००० च्या जागी १२,००० लिहून ठेवले. खरी शिल्लक ५४,००० व्हावयाची. संत्र्यांचे ४२,००० रुपये नाहीसे झाले.

कोणी चोरी केली नाही. बेरीज चुकली नाही, वजाबाकीही चुकली नाही. दोन्ही आज्ञावल्या वेगवेगळ्या तपासल्या तर दोन्ही निर्दोष ठरतील, आणि दोन व्यवहार पाच मिनिटांच्या अंतराने झाले असते तर काहीच बिघडले नसते. म्हणूनच हा दोष परीक्षेत सापडत नाही. तो हंगामात, बाजाराच्या गर्दीत, एखाद्याच खात्यावर उतरतो, आणि तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला 'आमच्या संगणकात तर एवढेच दिसते' असे उत्तर मिळते.

याला उपाय गोळ्याचाच. जी आज्ञावली शिल्लक बदलण्याच्या हेतूने नोंद वाचते तिने वाचतानाच त्या नोंदीचे कुलूप घ्यावे, आणि नवी शिल्लक लिहून झाल्यावरच ते सोडावे. दुसरी आज्ञावली आली तर तिने दाराशी थांबावे. कुलपे दोन जातींची असतात. चावडीवर लावलेली नोटीस दहा माणसे एकदम वाचू शकतात, त्याला कोणाची हरकत नसते. तसे वाचनाचे कुलूप सामाईक असते. लेखनाचे कुलूप मात्र एकट्याचे. ते एकाच्या हाती असता दुसऱ्याला वाचनाचे वा लेखनाचे कोणतेच कुलूप मिळत नाही. येथे नवख्या आज्ञावलीकाराची एक ठराविक चूक होते. तो आधी वाचनाचे कुलूप घेतो आणि मग 'आता लिहावयाचे आहे' म्हणून लेखनाचे मागतो. दोघांनी एकदम असे केले तर दोघांच्याही हाती वाचनाचे कुलूप असते, दोघेही दुसऱ्याने ते सोडण्याची वाट पाहतात आणि दोघेही तेथेच खिळतात.

कुलूप कशाला लावावे, हा पुढचा प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. पटवाऱ्याच्या दप्तरात गावाचा खसरा असतो. एका शेताच्या नोंदीत बदल करावयाचा तर साऱ्या गावाचा खसरा बंद ठेवणे सुरक्षित आहे, यात शंका नाही. परंतु तेवढा वेळ गावातल्या दुसऱ्या कोणाचेही काम होणार नाही. उलट एकेका ओळीला वेगळे कुलूप लावले तर कामे अडत नाहीत, पण हजारो कुलपांचा हिशेब ठेवणे हेच एक काम होऊन बसते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत जिम ग्रे आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७६ च्या सुमारास या प्रश्नाची पद्धतशीर मांडणी केली. त्यांची युक्ती अशी की जो एक ओळ बंद करणार आहे त्याने वहीच्या पुठ्ठ्यावर 'आत एका ओळीवर काम चालू आहे' अशी चिठ्ठी लावावी. साऱ्या वहीला कुलूप घालू पाहणाऱ्याला मग एकेक ओळ तपासावी लागत नाही, चिठ्ठी पाहून तो थांबतो. याच काळात त्यांनी दुसरा एक नियम सिद्ध केला: एका व्यवहारात लागणारी कुलपे घेत जावी, परंतु एकदा एक जरी कुलूप सोडले तर त्यानंतर नवे घेऊ नये. हा नियम सर्वांनी पाळला तर व्यवहार कितीही एकमेकांत गुंतून चालोत, निकाल जणू ते एकामागून एक झाले असावेत असाच लागतो. ग्रे यांना या कार्याबद्दल १९९८ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

रेल्वेच्या आरक्षणात या गोष्टीचा एक मनोरंजक इतिहास आहे. संगणक येण्यापूर्वी मोठ्या स्थानकांवर प्रत्येक गाडीची खिडकी वेगळी असे. प्रवाशांना तो निव्वळ त्रास वाटे, परंतु त्यामागे कारण होते. त्या गाडीच्या जागांचे रजिस्टर एकच होते, आणि एक रजिस्टर दोन खिडक्यांवर एकदम असू शकत नाही. कागदाचे ते रजिस्टर हेच कुलूप होते. १९८५ साली दिल्लीस संगणकावरचे आरक्षण प्रथम सुरू झाले आणि पुढे कोणत्याही खिडकीवर कोणत्याही गाडीचे तिकीट मिळू लागले. म्हणजे रजिस्टर एकाच वेळी सर्व खिडक्यांवर पसरले. सोय झाली खरी, पण कागद जे काम न बोलता करीत होता ते आता आज्ञावलीला शिकवावे लागले. अन्यथा एकच बर्थ दोन माणसांना विकली जाणार.

कुलूप घेतले की ते लवकर सोडणेही आले. एका कचेरीत आम्हांला याचा प्रत्यय आला. आमच्या अर्जाची नोंद पहिल्या खिडकीवरील कारकुनाने संगणकावर उघडली, काही शंका आली म्हणून ते आत गेले आणि तसेच जेवावयास गेले. आम्ही दुसऱ्या खिडकीवर गेलो. तेथील बाईंनी दोनतीनदा प्रयत्न केला आणि म्हणाल्या, "काका, तुमचं रेकॉर्ड लॉक आहे. ते साहेब येईपर्यंत काही करता येणार नाही." दीड तासाने साहेब आले. दोष त्यांचा नव्हता, त्या बाईंचा तर नव्हताच. ज्याने ती आज्ञावली लिहिली त्याने कुलपाची मुदत माणसाच्या जेवणाच्या सुटीला बांधून टाकली होती. यंत्र हजारांश सेकंदात हिशेब करते, माणूस विचार करावयास मिनिटे घेतो. माणसाच्या विचाराच्या काळात कुलूप अडवून धरू नये, हा या धंद्यातला पहिला पाठ आहे. तो अजूनही पुष्कळांना अनुभवानेच शिकावा लागतो.

मग करावे काय? एक मार्ग असा की माणसासमोर नोंद दाखविताना कुलूप घेऊच नये, फक्त नोंदीवरचा क्रमांक टिपून ठेवावा. माणसाने बदल करून 'जतन करा' म्हटले की त्या क्षणी कुलूप घेऊन क्रमांक ताडून पाहावा. तो जुळला तर लिहावे. बदललेला असेल तर 'मध्यंतरी ही नोंद दुसऱ्याने बदलली आहे, पुन्हा पाहा' असे सांगावे. आरक्षणाच्या संकेतस्थळावर तिकीट काढताना अखेरच्या काही जागा दिसतात, आपण नावे भरतो, पैसे भरतो आणि शेवटी प्रतीक्षायादीचे तिकीट हाती येते, तेव्हा पुष्कळांना आपली फसवणूक झाली असे वाटते. वस्तुतः आपण नावे लिहीत असताना ती जागा आपल्यासाठी बंद करून ठेवलेली नसते. तशी ठेवली असती तर तात्काळचे आरक्षण उघडताच पहिल्या मिनिटाला साऱ्या जागा नुसते नाव लिहीत बसलेल्यांच्या कुलपात अडकल्या असत्या.

कुलपांतून उद्भवणारी एक आपत्ती अशी आहे की तिला पूर्ण इलाज नाही, फक्त व्यवस्था आहे. दोन कारकून आहेत. एकाच्या हाती कीर्द आहे आणि त्याला खतावणी हवी आहे. दुसऱ्याच्या हाती खतावणी आहे आणि त्याला कीर्द हवी आहे. दोघेही सभ्य आहेत, हिसकावून घेत नाहीत. दोघेही संध्याकाळपर्यंत बसून राहतील. संगणकात रामाच्या खात्यातून गोविंदाच्या खात्यात आणि त्याच क्षणी गोविंदाच्या खात्यातून रामाच्या खात्यात पैसे पाठविले जात असतील तर हेच होते. सोपी व्यवस्था अशी की पैसे कोणीकडूनही कोणीकडे जावोत, लहान खातेक्रमांकाचे कुलूप आधी घ्यावयाचे. क्रम एकच ठेवला की वर्तुळ पुरे होत नाही. पण मोठ्या यंत्रणेत हा क्रम सर्वांकडून पाळला जाईलच असे नाही. म्हणून काही यंत्रणा 'कोण कोणासाठी थांबला आहे' याचा नकाशा ठेवतात आणि वर्तुळ दिसताच एकाला माघार घ्यावयास लावतात. काही यंत्रणा नुसती मुदत ठरवितात. आयबीएमच्या ए.एस./४०० या यंत्रावर एखादी नोंद मिळण्यासाठी, दुसरे काही सांगितलेले नसेल तर, ६० सेकंद वाट पाहिली जाते. मग आज्ञावलीला नकार मिळतो. नकार मिळाल्यावर काय करावयाचे हे ज्या आज्ञावलीत लिहिलेले नाही ती अर्धवटच म्हटली पाहिजे.

हे सारे एका नोंदीपुरते झाले. परंतु व्यवहार बहुधा एका नोंदीत मावत नाही. आडत्याच्या खात्यातून ४२,००० वजा होणे आणि शेतकऱ्याच्या खात्यात ४२,००० जमा होणे या दोन नोंदी आहेत, आणि त्यांतली एकच झाली तर ती असत्य आहे. पहिली नोंद झाली आणि दुसरीपूर्वी वीज गेली तर? येथे कुलूप कामाचे नाही. येथे व्यवहार कच्चा ठेवून मग पक्का करण्याची सोय हवी.

सातबाऱ्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ही सोय नवी वाटू नये. सावनेरकडे जमीन असलेली कुटुंबे रामाकोन्याच्या बाजूस पुष्कळ सापडतील. महाराष्ट्रात हाताने लिहिलेल्या दप्तराच्या काळात तलाठी फेरफाराची नोंद वहीत घेई, सातबाऱ्यावर त्या नोंदीचा क्रमांक पेन्सिलीने टिपी, संबंधितांना नोटिसा देई, आणि वरच्या अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर शाई चढे. हरकत मान्य झाली तर पेन्सिल खोडून टाकता येत असे. मध्यप्रदेशात १९५९ च्या भू-राजस्व संहितेप्रमाणे यालाच नामांतरण म्हणतात. तेथेही पटवाऱ्याच्या अहवालाने काही बदलत नाही, तहसीलदाराचा हुकूम लागतो. पेन्सिलीची नोंद पाहून जमीन विकत घेणारा माणूस जो धोका पत्करतो तोच कच्चा व्यवहार वाचणारी आज्ञावली पत्करते. शास्त्रात याला 'मळके वाचन' अशा अर्थाचे नाव आहे. थॉर्पच्या तारबाबूने न सही केलेली तार पाठविली, आणि पुढच्या स्थानकाने ती वाचून गाडी सोडली, ते हेच.

संगणकात पेन्सिल आणि शाई यांचे काम कीर्द करते. 'कीर्द' हा आमच्या पेढ्यांचा जुना शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो, कारण तिकडील यंत्रणेतही या वहीला 'जर्नल' म्हणजे रोजकीर्दच म्हणतात. मुनिमाचा शिरस्ता होता: आधी कीर्द, मग खतावणी. दिवसभरातील देवघेव ज्या क्रमाने घडली त्या क्रमाने कीर्दीत उतरावयाची आणि नंतर ती ज्याच्या त्याच्या खात्यावर खतवावयाची. खतावणी फाटली, भिजली तरी कीर्दीवरून ती पुन्हा तयार करता येते. संगणकाचा नियम अक्षरशः हाच आहे. कोणत्या नोंदीत आधी काय होते आणि आता काय होणार हे प्रथम कीर्दीत, आणि तेही विजेवर न विसंबणाऱ्या चकतीवर, उतरले पाहिजे. त्यानंतरच मूळ नोंद बदललेली चालेल. व्यवहारातल्या सर्व नोंदी झाल्या की कीर्दीत शेवटी एक ओळ पडते: 'हा व्यवहार कायम'. ती ओळ चकतीवर पोहोचली तो क्षण पक्केपणाचा. त्यापूर्वी वीज गेली तर व्यवहार झालाच नाही असे धरावयाचे. नंतर गेली तर झालाच, मग खतावणीत तो उतरलेला असो वा नसो. वीज आल्यावर यंत्र कीर्द वाचावयास बसते, कायम झालेले व्यवहार खात्यांवर पुन्हा चढविते आणि कायम न झालेल्यांच्या जागी जुने आकडे परत ठेवते. या पुनरुद्धाराची जी रीत आज बहुतेक यंत्रणांत कमीअधिक फरकाने पाळली जाते तिचा प्रसिद्ध लेख १९९२ साली सी. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिहिला. मोहन हे मद्रासच्या आय.आय.टी.चे.

ए.एस./४०० हे यंत्र १९८८ साली बाजारात आले आणि पेढ्या, कारखाने, गोदामे यांत फार रुळले. त्यावर या सर्व व्यवस्थेस 'कमिटमेंट कंट्रोल' म्हणतात. ती चालू केली की कुलपांचे वागणे बदलते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. एरवी नोंद लिहून झाली की तिचे कुलूप सुटते. येथे मात्र बदललेल्या प्रत्येक नोंदीचे कुलूप व्यवहार कायम होईपर्यंत किंवा सोडून दिला जाईपर्यंत हातात राहते. अधिक कडक पातळी निवडली तर नुसत्या वाचलेल्या नोंदीही अडकून राहतात. अशा तऱ्हेने कुलूप आणि पक्केपणा या दोन गोष्टी येथे एकमेकींत गुंततात: पेन्सिल खोडण्याचा हक्क राखावयाचा तर तोवर त्या ओळीवर दुसऱ्याची शाई पडू देता येत नाही.

शब्दांविषयी थोडे. 'कमिट'ला 'वचनबद्ध' हा पर्याय आम्ही कोठेकोठे पाहिला. तो ऐकून आम्हांला यंत्राची कीव आली. कोर्ट निकाल कायम करते, नोकरी कायम होते. 'कायम करणे' हा शब्द आमच्या कचेऱ्यांत शतके रुळलेला आहे आणि येथे तो तंतोतंत बसतो. 'रोलबॅक'ला 'व्यवहार सोडून देणे' म्हणावे. 'उलट नोंद' हा शब्द मात्र येथे वापरू नये. तो वेगळ्या गोष्टीसाठी राखून ठेवावा लागतो. कायम होण्यापूर्वी सोडलेला व्यवहार मागे खूण न ठेवता जातो. कायम झालेला व्यवहार सोडता येत नाही. त्याला फक्त दुसऱ्या, उलट व्यवहाराने फेडता येते, आणि मग खातेपुस्तकात दोन ओळी राहतात.

इतके झाल्यावरही एक गोष्ट यंत्र ठरवीत नाही. व्यवहार कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे आज्ञावलीकाराने सांगावयाचे असते. एखाद्या सहकारी पतसंस्थेत वर्षअखेरीस ९०० सभासदांच्या खात्यांवर व्याज चढवावयाचे आहे असे धरा. ९०० खाती मिळून एक व्यवहार केला तर ८९९ व्या खात्याशी वीज गेल्यास सर्व पाण्यात जाते, आणि काम चालू असेपर्यंत सभासदांची खाती कुलपात राहतात. प्रत्येक खाते हा वेगळा व्यवहार केला तर गेलेल्या विजेने थोडेच बिघडते. पण सकाळी पुन्हा पहिल्यापासून आज्ञावली चालविणारा माणूस निम्म्या गावाला दुप्पट व्याज देऊन बसेल. त्यासाठी प्रत्येक खात्याच्या व्याजाबरोबर, त्याच व्यवहारात, 'या वर्षीचे व्याज दिले' अशी खूण त्या खात्यावर करावी लागते. व्याज एका व्यवहारात आणि खूण दुसऱ्यात ठेवली तर पुन्हा तीच फट उरली. आज्ञावलीच्या भाषेत यासाठी दोन ओळी पुरतात. त्या कोणत्या ओळींच्या मध्ये घालावयाच्या हे समजण्यास मात्र पतसंस्थेचे काम समजले पाहिजे. आम्हांला या विषयात सर्वांत अवघड वाटते ते हेच, आणि पाठ्यपुस्तके याला अर्धे पानही देत नाहीत.

राहिला सीमेचा प्रश्न. आडत्याची बँक नागपूरला, शेतकऱ्याची सौंसरला. दोन बँका, दोन संगणक, दोन कीर्दी. दोन्ही कीर्दींत 'कायम' ही ओळ एकदम कशी पडावी? ग्रे यांनी १९८१ च्या एका निबंधात लग्नविधीचा दाखला दिला आहे: धर्मगुरू दोघांना आळीपाळीने विचारतो, दोघांचाही होकार आला तरच विवाह झाल्याचे जाहीर करतो. आपल्याकडे अंतरपाट धरलेला असतो तो वेळ डोळ्यांपुढे आणावा. मध्यस्थ यंत्र प्रथम दोन्ही संगणकांना विचारते, 'तयार आहात काय?' ज्याने होकार दिला त्याने तो आपल्या कीर्दीत लिहून ठेवावयाचा, आणि मग त्याला स्वतःच्या इच्छेने माघार घेता येत नाही, कायमही करता येत नाही. दोन्ही होकार आले की मध्यस्थ आपल्या कीर्दीत निर्णय लिहितो आणि दोघांना कळवितो; अक्षता पडतात. आता कल्पना करा की होकार घेऊन भटजी नाहीसे झाले. नवरानवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभी, आणि दोघांची कुलपे दोघांच्या हाती. भटजी परत येईपर्यंत त्या नोंदींना कोणी हात लावू शकत नाही.

ही अडचण मोठी आहे, आणि देशभरच्या बँकांनी परस्परांची खाती अशी अडवून धरणे शक्य नाही. म्हणून फोनवरून पैसे पाठविण्याच्या आजच्या व्यवस्थेत प्रत्येक बँक आपापला व्यवहार आपल्यापुरता कायम करते, आणि पुढची कडी तुटली तर उलट नोंद केली जाते. मधल्या काळात पैसे पाठविणाऱ्याच्या खात्यातून गेलेले असतात आणि घेणाऱ्याच्या खात्यात आलेले नसतात. रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या मधल्या काळाला मुदत घातली. यूपीआयने एका व्यक्तीच्या खात्यातून दुसरीच्या खात्यात पाठविलेले पैसे वजा होऊन जमा झाले नाहीत तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत आले पाहिजेत. दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही ग्राहकाने मागण्याची वाट न पाहता.

तेव्हा रामाकोन्याचा कोणी शेतकरी पेरणीच्या तोंडावर बियाणेवाल्याच्या दुकानात उभा असेल, फोनवर 'पैसे वजा झाले' असे दिसत असेल आणि दुकानदार 'मला आले नाहीत' म्हणत असेल, तर दोघेही खरेच बोलत असतात. त्याने लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठविण्याची घाई करू नये. पहिला व्यवहार उशिरा कायम झाला तर दोनदा पैसे जातील. व्यवहाराचा क्रमांक टिपून ठेवावा आणि बँकेत तोच दाखवावा. दोन्ही बँकांच्या कीर्दींत तो व्यवहार त्याच क्रमांकाने नोंदलेला असतो.